चनबसप्पांच्या दोन लाल काचा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय अण्णाराव वकीलसाहेब. व्यासपीठावरील मोटार मालक संघाचे पदाधिकारी. आजचे सत्कारमूर्ती चनबसप्पा पेंटर आणि त्यांच्या सौभाग्यवती काशम्मा. आमच्या गॅरेजची मंडळी. आणि एवढ्या उन्हात दोन पंख्यांच्या भरवशावर इथं जमलेल्या बंधू-भगिनींनो,

या हिंदुरावला भाषण जमत नाही, हे आपण जाणताच. मोटारीखाली झोपून मी तासभर बोलेन, पण उभं राहून बोलायचं म्हटलं की हात पाना शोधायला लागतो. तरी आज बोलणार आहे. चनबसप्पा एकतीस वर्षांनी आमचं गॅरेज सोडून अक्कलकोटकडे आपल्या गावी चालले आहेत. उद्यापासून ते मला भेटणार नाहीत आणि मग हे बोलायला मला सबब उरणार नाही.

गाडी खानदानी कशानं दिसते? आमच्या धंद्यात हा प्रश्न रोज येतो. नवश्रीमंत माणूस गाडी घेतो आणि म्हणतो, गोंडे लावा, पडदे लावा, मागच्या काचेवर मुलांची नावं घाला. लांबून बघितलं तर वरात निघाल्यासारखी वाटते. चनबसप्पांची परीक्षा वेगळी होती. ते गाडीला बाहेरून बघायचेच नाहीत. दार उघडायचे आणि आतल्या कडेवरून बोट फिरवायचे. "मालक, भाईरचा रंग समदेच बघत्यात. हितं रंग नीट असंल तर ती गाडी घरंदाज." जिथं कुणाची नजर जात नाही तिथंही पॉलिश पेपर घासणारा हा माणूस. पुट्टीचा एक हात चुकला तर सगळं खरवडून पुन्हा सुरुवात. गिऱ्हाईक बोंबलत राहायचं.

त्यांची आणखी एक पद्धत होती. रंगवलेली प्रत्येक गाडी बाहेर पडताना ते मागच्या बंपरवर दोन लाल काचा बसवायचे. सायकलीच्या मडगार्डला असतात ना, मागच्या गाडीचा उजेड पडला की चमकणाऱ्या, तशा, रुपयाएवढ्या. गिऱ्हाईकानं मागितल्या नसल्या तरी बसवायचे. आमच्या गॅरेजची गाडी मागून ओळखू यायची ती त्या काचांवरून.

अध्यक्ष महाराज, आपल्याला आठवत असेल, एकाहत्तर साली आपण नवी गाडी घेतलीत आणि मला म्हणालात, "हिंदुराव, कोर्टात लोकांनी माझ्याकडे बघावं, गाडीकडे नको." काय सुरेख वाक्य होतं! मी पेटलोच. चकाकत्या पट्ट्या काढल्या, मागचे मोठे दिवे काढून खाली लहान, दिसतील न दिसतील असे दिवे बसवले. चनबसप्पांनी आठ दिवस खपून ओल्या विभूतीसारखा राखाडी रंग तयार केला. दार लावलं की फक्त एक मऊ आवाज यायचा. सोलापुरात तेवढी साधी आणि तेवढी देखणी गाडी दुसरी नव्हती, हे मी आजही सांगेन.

आणि त्या गाडीच्या बंपरवर दोन लाल काचा!

मी म्हटलं, काढा त्या. चांगल्या घरच्या बाईनं सर्कशीतली टिकली लावल्यासारखं दिसतंय. चनबसप्पा म्हणाले, "ब्याड मालक, नको. ह्यो रंग दिवेलागणीला डांबरात मिसळून जातोय. दिवेबी बारके केलं तुमी. गाडी हुबी ऱ्हायली तर मागनं कुणाला दिसंल?" मी ऐकलं नाही. ते काढेनात, तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी स्वतः काढल्या. या हातांनी.

पुढचं आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तीन महिन्यांनी, पौषात, वकीलसाहेबांचा ड्रायव्हर मानसिंग पुण्याहून रिकामी गाडी घेऊन येत होता. मोडनिंबच्या अलीकडे टायर बसला. गाडी कडेला घेऊन, बॅटरी उतरू नये म्हणून दिवे बंद करून, तो मागचं चाक बदलत बसला. सूर्य नुकता मावळला होता. मागून मालट्रक आला. ट्रकवाल्यानं पोलिसांना जबाबात सांगितलं, "गाडी दिसलीच नाही, नुसता रस्ताच दिसत होता." मानसिंग जागीच गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब गॅरेजमध्ये आले. म्हणाले, "तुमच्या प्रत्येक गाडीला काचा असतात, माझ्याच का नव्हत्या?"

मी म्हणालो, "पेंटर बसवायला विसरला."

चनबसप्पा, बसा. खाली बसा. काशम्मा, त्यांना बसवा. सात वर्षं तुम्ही मला गप्प राहून सांभाळलंत. आज मला पुरं करू द्या.

त्या दिवशी चनबसप्पा चार हातांच्या अंतरावर उभे होते, हातात फडकं घेऊन. त्यांनी ऐकलं, आणि पुन्हा फडकं मारायला लागले. संध्याकाळी मी त्यांना विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? म्हणाले, "तुमचं नाव गेलं तर गॅरेज जातंय, मालक. चौदा मानसं हाईत. माझं नाव कुटं बोर्डावर हाय?"

मंडळी, मी त्या दिवशी तरी खरं बोलायला हवं होतं. नाही बोललो. उलट गिऱ्हाइकं बिचकायला लागली म्हणून या माणसाला मी गाड्यांवरून काढलं आणि नंबरप्लेटा रंगवायला बसवलं. अख्ख्या जिल्ह्यात ज्याच्या हाताची बरोबरी नव्हती, तो सात वर्षं आकडे काढत बसला. दुसऱ्या गॅरेजवाले त्याला विसरभोळा म्हणून चिडवायचे. मीही त्यात हसलो आहे. लाज वाटते सांगताना, पण हसलो आहे.

आणि मानसिंगची पत्नी रंभाबाई चनबसप्पांच्या दारात गेली, भर गल्लीत त्यांचा उद्धार करून आली. काशम्मांनी तिला पाणी दिलं. तिनं तांब्या फेकून दिला. तेव्हाही या घरातून एक शब्द बाहेर आला नाही.

रंभाबाई आज इथं आल्या आहेत. भिंतीकडेला उभ्या आहेत, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. मीच आग्रह करून बोलावलं. त्या म्हणत होत्या, "त्या मानसाच्या सत्काराला मी कशापायी यिऊ?" बाई, त्यासाठीच बोलावलं.

या शाली-नारळाच्या ताटात मी त्या दोन काचा ठेवल्या आहेत. इतकी वर्षं माझ्या टेबलाच्या खणात होत्या. अध्यक्ष महाराज, सत्कार करताना आधी त्या चनबसप्पांच्या हातात द्या. पेंटर काहीही विसरला नव्हता, हे आपल्या तोंडून सभेला सांगा. माझ्या शब्दावर आता कुणी विश्वास ठेवावा, असं मी म्हणत नाही.

आपण सर्व आलात, शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल गॅरेजतर्फे आभार मानतो. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या, असं शेवटी म्हणायची रीत आहे. आजच्या बोलण्यासाठी मी ते म्हणत नाही. जे सात वर्षं बोललो नाही, ते पदरात घ्या असं म्हणायचं तोंड मला नाही.

रंभाबाई, तुम्ही त्या दिवशी दार चुकला होतात. माझं घर गॅरेजच्या मागंच आहे.