शांत झोपेची शर्त

भोंगा काय असतो ते मला शिकवू नका राव! अहो, मी गावाकडून थेरगावात आलो तेव्हा मला धड मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं, आणि पहिल्याच पहाटे कंपनीचा भोंगा असा काही बोंबलला की मी लेंगा उलटा घालून थेट रस्त्यावर! मला वाटलं, कुठंतरी धरण फुटलं. बघतो तर माणसं आपली डबे घेऊन निवांत चाललेली. एक जण म्हणाला, "काय पाव्हणं, फर्स्ट शिफ्ट का?" ...बास, तेव्हापासून सगळा जन्म त्या भोंग्यावर काढला. भोंगा झाला की जेवा, भोंगा झाला की उठा, आणि थांबून थांबून वाजायला लागला की समजायचं, आगीचा आहे... हातातलं टाका आणि मैदानात पळा! आता रिटायर झालो. आता माझं मागणं काय हो? घटकाभर शांत झोप. दुसरं काय!

पण थेरगावात झोप? आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, सोजरबाई राहतात. बाई देवमाणूस आहे, पण शेंगदाण्याचं कूट मिक्सरमध्ये करत नाही. का? तर चव जाते! म्हणून खलबत्ता. तोही नेमका दुपारी मी आडवा झाल्यावर. खाली शटरवाल्याचं दुकान, तो दिवसभर पत्रा ठोकतो. वर ठोक, खाली ठोक, मध्ये मी... म्हणजे मी माणूस आहे का चटणी?

मी लेकाला, रविराजला म्हटलं, "बाबा रे, हे घर विकू." तो लगेच चऱ्होलीत फ्लॅट बघून आला. बारावा मजला, वर फक्त पाण्याची टाकी. पण आमची ही, अंबूबाई, पदर खोचून उभी! कारण ज्या खलबत्त्यानं माझी झोप उडते, त्याच्या शेजारी ही रोज दुपारी बसून लसूण सोलते, आणि दोघी मिळून अख्ख्या गल्लीचे संसार सुधारतात. ही म्हणाली, "बाराव्या मजल्यावर मी कुणाशी बोलू? घारींशी?"

मी मुळात कमी बोलणारा माणूस. माझं एक वाक्य पुरं होईस्तोवर हिची भाजी चिरून, फोडणीत पडून, ताटात येते. मी नुसतं तोंड उघडलं. तेवढ्यात हिनंच शर्त काढली. "पोरगा म्हणतोय ना, धरणाच्या काठाला गाडीत ऱ्हायला जाऊ? तर जाऊ. तिथं कुणी न्हाई, काय न्हाई. तिथं तुमाला गाढ झोप लागली, तर मी गुमान चऱ्होलीला येते. आन् न्हाई लागली, तर खोट थेरगावची न्हाई, तुमच्या डोक्याची. मग पुन्यांदा घर विकायचं नाव काढायचं न्हाई!"

व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तर ती गाडी. कॅम्पर म्हणतात तिला. म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरच्या पोटात सगळा संसार कोंबलेला... पलंग, शेगडी, फ्रीज, छताला एक खिडकी, आणि शेगडीच्या बाजूला दार उघडलं की संडास! हिनं ते दार उघडलं आणि बंद केलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाली, "अगं बाई, फोडणीच्या शेजारी?" तिथून चाकणपर्यंत ही नाकाला पदर लावून बसली. चाकणला ट्रेलरांच्या रांगेत आमचं ते घर अडकलं, पुढं कंटेनर, मागं कंटेनर, तेव्हा मात्र म्हणाली, "बघा, घर घेऊन निघालं तरी गर्दी काय सुटली न्हाई."

पण धरणावर पोचलो आणि तुम्हाला सांगतो... काय ती शांतता! समोर पाणी, मागं डोंगर, झाडाखाली एक-दोन गाड्या उभ्या, बास. जागेचा मालक प्रज्वल म्हणून तरणा माणूस, तो म्हणाला, "काका, इथं पाखराचा आवाजसुद्धा विचारून येतो." मी पलंगावर पडलो. छताच्या खिडकीतून वारं यायला लागलं. डोळे मिटले. माझं मागणं काय? घटकाभर शांत झोप. आता लागणार, आता लागणार... आणि धडाड्‌धूम्‌ धडाड्‌धूम्‌! बाहेर बघतो तर एक भली थोरली बस येऊन आमच्या अंगाला अंग लावून उभी!

एवढी अख्खी जमीन मोकळी पडली होती हो! एवढं धरण! पण नाही, आमच्याच कुशीत!

बस कसली, कंपनीची जुनी स्टाफ बस. तिच्यातून उतरले पिंपळे गुरवचे मीरासाहेब, गॅरेजवाले. गॅरेजच्या आधी सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये, मोठमोठी यंत्रं धडाधड पत्रा दाबतात तिथं झालेली. आता प्रेस शॉपमध्ये जन्म काढलेला माणूस हळू कसा बोलणार? तो कानात सांगतो तेसुद्धा आळंदीला ऐकू जातं. त्यांच्या मागनं बायको परवीनभाभी, मग सुना, जावई, मेहुणे, भोंगा लावलेला स्पीकर... माझं मागणं घटकाभर शांत झोपेचं, आणि समोर हे लग्नाचं वऱ्हाड!

मी खाली उतरलो. अगदी हळू, नम्रपणे म्हटलं, "साहेब, जरा आवाज..."

"व्वा!" मीरासाहेब ओरडले. "आवाज आवडला का? अहो राव, ही तर टेस्टिंग आहे! जावईबापू, वाढव रे, काकांना कमी ऐकू येतंय!"

घ्या! आणि आमची ही? ही तोवर परवीनभाभीच्या शेजारी बसून कांदा चिरायला लागलेली! ओळख नाही, पाळख नाही. मी खुणेनं म्हटलं, अगं, झोप... तर ही तिकडूनच, "लागली का हो?" आणि भाभीला हसून सांगते, "आमच्यांची शर्त लागलीय!" झालं. आता बसमधला प्रत्येक माणूस दर थोड्या वेळानं खिडकीतून डोकं घालून विचारायचा, "काका, लागली का?" अहो, कशी लागेल!

पाच वाजायच्या सुमाराला आभाळ काळंकुट्ट झालं. असं वारं सुटलं की मीरासाहेबांचा तंबू उडाला तो थेट बाभळीवर. स्पीकर बंद पडला. मला वाटलं, देवानं ऐकलं! मी पुन्हा आडवा झालो. आणि टण्ण... टण्ण... टणाटण टणाटण... गारा! लिंबाएवढ्या गारा पत्र्यावर! वरच्या मजल्यावर एक नाही, अख्ख्या थेरगावच्या सोजरबाई कूट करायला बसल्या म्हणा ना!

आणि मग त्या प्रज्वलनं भोंगा वाजवला.

त्या बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. त्यानं आल्या आल्या आम्हाला बजावलं होतं, वादळ आलं की मी भोंगा देईन, सगळ्यांनी गाडीत बसून राहायचं, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. पण भोंगा दिला कसा? थांबून थांबून! आता मला सांगा, ज्याचा जन्म पिंपरी-चिंचवडच्या कंपनीत गेला तो माणूस असा भोंगा ऐकून आत बसेल? पायच ऐकत नाहीत हो! हातातलं टाकलं, दार तसंच उघडं, आणि मी मैदानात! तिकडून मीरासाहेब, त्यांचे मेहुणे, चाकणच्या कंपनीतले जावई, माझा रविराज, सगळे गारांचा मारा खात मोकळ्या मैदानात, आणि काय सांगू तुम्हाला... रांगेत! एक हात अंतर सोडून! कुणाच्या डोक्यावर परात, कुणाच्या डोक्यावर कढई, आणि मीरासाहेब सगळ्यांच्या पुढं उभे राहून हजेरी घेतायत, "एक! दोन! तीन! अरे चौथा कुठंय, चौथा?"

चौथा मी. आधीच हळू बोलणारा, त्यात गारा. तीन वेळा "चार" म्हटलं तेव्हा ऐकू गेलं.

आमच्या हिच्यासकट सगळ्या बायका बसच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांतली एकही बाहेर आली नाही. प्रज्वल खिडकीतून ओरडतोय, "अहो, आत जा! आत!" आणि आमची ही परवीनभाभीला म्हणते, "बघा, घरात हाक मारली तर जागचे हलत न्हाईत. कंपनीचं वाजलं की कसे पळतायत!"

परत येऊन बघतो तर आमच्या गाडीचं तळं झालेलं! दार उघडं, छताची खिडकी उघडी. पलंगावर गारा अशा की मासळीवाल्यानं येऊन बसावं. रविराज कपाळाला हात लावून उभा. तेवढ्यात परवीनभाभीनं माझा दंड धरला, "भाईसाहब, चला बसमध्ये. ओल्या अंगानं उभं नाही राहायचं." कोरडा सदरा दिला, वर गोधडी दिली, आल्याचा चहा दिला, आणि ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशेजारी बसवलं. बस जुनी, पण ती सीट तशीच ठेवलेली. आत काय गोंधळ! मीरासाहेब वादळाची गोष्ट पाहुण्यांना फोनवर ओरडून सांगतायत, सुना हसून हसून लोळतायत, वर पत्रा वाजतोय, आणि अंधार झाला म्हणून दिव्यांसाठी जावयानं इंजिन चालू केलं. घर्रर्र... खिडकीची काच थरथरायला लागली. मी आपलं डोकं काचेला टेकवलं. म्हटलं, आता कुठली झोप...

डोळे उघडले तर समोर सकाळ!

अहो, आयुष्यभर कंपनीतनं घरी येताना मी असाच तर झोपलो! स्टाफ बसमध्ये, काचेला डोकं लावून, त्याच घरघरीत! माझी खरी झोप घरात कधी झालीच नव्हती, आणि हे मला या वयात कळावं?

मीरासाहेब चहा ओतत होते. म्हणाले, "रंगराव, काय घोरता हो तुम्ही! आमच्यापैकी कुणाला झोप नाही लागली!"

मीरासाहेबांना! माझ्या आवाजानं!

रविराज दारात उभा. "आई, आज चऱ्होलीवाल्याला कळवायचंय. काय सांगू?"

मी सावरून बसलो. माझी उत्तरं तयार होती. गाढ झोप लागली ना? धरणाकाठीच लागली ना? मग शर्त मी जिंकली! कुठं झोपायचं, बसमध्ये का गाडीत, हे तू कुठं ठरवलं होतंस? पाठ केलं होतं हो सगळं. तिनं फक्त एकदा टोमणा मारायचा अवकाश!

तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या गालावर खिडकीच्या रबराचा वळ उठला होता, तो अंगठ्यानं पुसल्यासारखा केला. खांद्यावरची गोधडी काढली, घडी घातली.

भांडली असती तर जिंकलो असतो, तुम्हाला सांगतो. पण ती गोधडी सीटवर ठेवून खाली उतरली आणि परवीनभाभीच्या चुलीकडं चालायला लागली. मग मीच रविराजला म्हटलं, "नको म्हणून कळव."