यादीतली सून

न्हाई न्हाई, बसा ताई, एवढ्यात कुठं उठताय — शिरूरची गाडी पाचची हाय, आन् सासूबाई मळ्यात गेल्यात, ह्यांना बोलवायला. त्या येईस्तोवर आपण दोघीच. चहा टाकते. तुम्ही आणलेलं सर्टिफिकेट बघितलं मी, झकास हाय — लग्नाला महिना झाला न्हाई तवर सुनेला ट्रेनिंगला धाडणारी सासू केंदुरात हीच एक, असं बाया म्हणायच्या. मलाबी कौतुक वाटायचं. एचआयव्ही झालेलं माणूस घरात कसं सांभाळायचं, घरच्यांना धीर कसा द्यायचा — आठ मंगळवार शिरूरला. आमच्या बॅचमधल्या नकुशीला तुम्ही पेशंट म्हणून झोपवलंत, तिच्याखालची चादर बदलायला लावलीत, तर ती घोरायलाच लागली, आठवतंय? चौघींनी कुशीवर वळवली तरी जाग न्हाई. तर ते सगळं मी घरी येऊन सांगायची. सांगायची म्हंजी, सासूबाई बसवूनच घ्यायच्या. चादरीचं सांग, पेजेचं सांग, तोंड आलं तर काय द्यायचं ते पुन्हा सांग — मन लावून ऐकायच्या. पण हा रोग लागतो कसा, तिथं मी आले की म्हशीला पाणी दाखवायचं राहिलेलं असायचं. दर खेपेला. म्हैस काय एवढी तहानलेली नसती हो ताई.

साखर एक चमचा ना? — ह्यांचं सांगत होते का मी? न्हाई, तुम्ही कुठं विचारलंत. पण सांगते. तीन महिने झाले लग्नाला, ह्ये मळ्यात, मोटारीच्या खोलीत झोपतात. उसाला पाणी द्यायचं, लाईट रात्रीची असते म्हणून. बरोबर हाय, रात्रीचीच असते. मग गेल्या पंधरवड्यात दिवसाची झाली, तरी ह्ये तिथंच. मला वाटलं, मी पसंत न्हाई. आरशात नीट बघून घेतलं. केडगावला आईला विचारलं, ती म्हणली, लाजत असतील. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या लाजतोय! — वाईट न्हाईत हो. बाजारातनं माझ्यासाठी भेळ आणतात, पुडा ओट्यावर ठेवून जातात. हातात न्हाई देत. आन् वाळलेत किती, लग्नातला शर्ट खुंटीला टांगल्यागत दिसतो अंगावर. मी आपली म्हणायची, जागरणं होतात.

आता मूळचं विचारते. मागच्या मंगळवारी तुम्ही म्हणलात, पहिल्या यादीत आपापलं नाव तपासा, सर्टिफिकेटवर चूक नको. तपासलं मी. अपेक्षा, पुढं ह्यांचं नाव, केंदूर. काही चूक न्हाई. मग तारीख बघितली — बारा जानेवारी, दोन हजार एक. बॅच लांबली, पण यादी जानेवारीतलीच, तुमच्याच अक्षरातली. ताई, मला बघायला ही माणसं आली शिमग्यानंतर. लग्न वैशाखात. आन् मी तर केडगावची हर्षदा — अपेक्षा हे नाव ह्यांनी लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं, तवा मला पहिल्यांदा कळलं. करवल्या हसल्या, कुठनं शोधलं म्हणून. ते तांदळात उमटायच्या चार महिने आधी तुमच्या यादीत होतं! तवा मी कुठं होते? नव्हतेच मी. कुणीतरी एक सून येणार, तिला अपेक्षा म्हणायचं, आन् तिनं चादर बदलायला शिकायचं — एवढं ठरलं होतं. पोरगी मग शोधली.

तुम्हाला सासूबाईंनी काय सांगितलं होतं तवा? का तुम्ही विचारलंच न्हाई? — न्हाई, नका सांगू. तुम्हीच शिकवलंत, कुणाला हा रोग हाय ते आपल्या तोंडातनं काढायचं न्हाई, ज्याचं त्यानंच सांगायचं. चांगला नियम हाय. गावानं वाळीत टाकलेली घरं मीबी बघितलीत तुमच्याबरोबर. पण आज सकाळी सासूबाईंनी आतली खोली सारवली, नवी गादी घातली, आन् म्हणल्या, सत्यजीत आजपासनं घरात झोपंल, मला पुढच्या वर्षी नातू पायजे. ऐकलंत ना — आजपासनं. इतके दिवस ते माझ्यापासनं लांब राहिले, ते ह्या रोगापायीच ना, एवढंच विचारते. तोंड उघडू नका, मान हलवा नुसती. व्हय, का न्हाई. — बरं, नका हलवू. पण सर्टिफिकेट परत पिशवीत कशाला घालताय? राहू द्या ते इथंच.

आल्या वाटतं. दोघंबी हायेत. — उठा ताई तुम्ही, निघा. पाचची नसंल तर फाट्यावर जीप मिळंल. तुमचा नियम तुम्ही पाळलात, मीबी पाळते — ज्याचं त्यालाच विचारते, त्यांच्या आईच्या देखत. रडू नका हो, त्यांनी बघितलं तर मला विचारायचंबी राहणार न्हाई. निघा म्हणलं ना! — अहो, हातपाय मागनं धुवा. आधी इथं बसा. आत्याबाई, तुम्हीबी बसा. म्हशीला मी पाणी दाखवलंय.