दुसरा हिरो

डोळ्यांत थेंब टाकून नर्सने विश्वनाथरावांना बाकावर बसवलं आणि हाक मारेपर्यंत डोळे मिटूनच ठेवा म्हणून बजावलं. महाल भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांच्या शेजारी एक आई आणि तिची लेक बोलत होत्या.

"हर्षा, तुह्या त्या कोरियन सिरीयलचे सगळे भाग पाहून टाकले मी."

"कसा वाटला हिरो?"

"दिसाले गोरागोमटा आहे, पण नुसता छत्री घेऊन तिच्या मागं मागं फिरते. कामधंदा कधी करते तो?"

"आई, त्याची स्वतःची कंपनी आहे."

"असन. मले तर तो दुसरा आवडला, डॉक्टर. शांत आहे, घरच्यायले धरून आहे. त्याले काहून नाही म्हटलं वं तिनं?"

"चांगलाच आहे तो. पण त्याच्यासमोर ती एकदाही हसली नाही. तू परत पाहून घे."

"विश्वनाथराव, चला आत," नर्स म्हणाली.

"आधी दुसऱ्या कोणाला घ्या," ते डोळे न उघडताच म्हणाले.

आईने आवाज खाली आणला.

"हर्षा, तो कन्हान गावचा पोरगा तुले पाहाले आला होता. गच्चीवर दोघं बोलत बसले होते तुम्ही. तू हसली होती का?"

"नाही."

"मंग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"बाबा साखरपुड्यासाठी हॉल पाहून राहिले होते."

"हॉल दुसऱ्या कोणाले देतीन ते लोक. घरी गेल्यावर बाबाशी मी बोलतो."