एका उंटासाठी फर्मवेअर

…आणि वर मलाच विचारतात, "काय गं, एवढी दमलेली का दिसतेस?" दमू नको तर काय करू? नाचू? एक रविवार गेला, पुढचाही गेला, मान आखडली, डोळ्यांच्या खाचा झाल्या, आणि हे सगळं कशासाठी? तर एका उंटासाठी!

खरा उंट नव्हे हो, घाबरू नका. बुद्धिबळातला. लाकडी. थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय… तसा झालाही आहे थोडा, पण तो नंतर झाला.

आमचं घर फुटपट्टीसारखं. रुंदी नाही, नुसती लांबी. इंटरनेटचं मुख्य यंत्र पुढच्या दाराशी आणि माझे सासरे शेवटच्या खोलीत. मध्ये भिंतीच भिंती. तिथे पोचेपर्यंत इंटरनेटला धाप लागते. म्हणून मधल्या बोळात, फ्रिजच्या मागच्या प्लगला एक पांढरा डबा लावलाय, त्याला म्हणतात रेंज एक्स्टेंडर. तो काय करतो? पुढच्या खोलीतलं उचलायचं, मागच्या खोलीत पोचवायचं, दिवसभर तापायचं, आणि काही बिनसलं की दोन्हीकडून बोलणी खायची. म्हणजे थोडक्यात, सूनच!

आता सासऱ्यांना इंटरनेट कशाला, तर त्यांच्या थोरल्या भावाशी रोज दुपारी बुद्धिबळ खेळायला. मोठे काका दुसऱ्या गावी, लेकीकडे. कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणालाच आहेत. ते पलंगावर ट्रेमध्ये पट मांडतात, हे इकडे मांडतात, आणि व्हिडिओ कॉलवर एकमेकांना चाली ओरडून सांगतात. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे चाली आख्ख्या गल्लीला कळतात.

आणि हा डबा! खेळ रंगात आला की तापायचा, मध्येच बंद पडायचा, आणि मग आपला आपण पुन्हा सुरू व्हायचा. एकदा नाही, दोनदा नाही, कायमचंच! त्या दिवशी काका तिकडून गरजले, "धाकट्या, गेला तुझा उंट!" आणि… गुल. पडद्यावर काकांचं तोंड उघडं, बोट वर, आणि मध्ये ते गोल चक्र. पाच मिनिटांनी लाइन परत लागली तर काका लालबुंद! "लबाडा! हरायला लागलास की वायर उपटतोस! लहानपणीही असाच होतास! हरलास की पट उधळायचास!"

आता माझे सासरे कोण? आयुष्यभर बसमध्ये तिकीट तपासनीस! बिनतिकिटाच्या माणसाला नुसत्या मानेवरून ओळखायचे. लबाड म्हणावं ते त्यांना? त्यांनी कॉल तोडला. फोन उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पट तसाच मांडलेला, त्यावरची धूळसुद्धा झटकू देईनात. ताटात अर्धी पोळी शिल्लक. मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच करा ना फोन." तर म्हणाले, "बिनतिकिटाचा तो मला ठरवतोय, आणि मी करू?"

ऐंशीच्या घरातली दोन माणसं, त्यातला एक अंथरुणात… आणि अबोला कशावरून? तर एका उंटावरून!

डबा बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवली, मग एक गोड आवाज आला, "मॅडम, आपण बंद करून चालू करून पाहिलंत का?" अगं बाई, तो स्वतःच बंद करून चालू करतो, तीच तर तक्रार आहे! "मॅडम, या मॉडेलसाठी आता आम्ही सुधारणा पाठवत नाही." संपलं. परत बासरी.

मग माझ्या भावाला विचारलं. तो कॉम्प्युटरमधला. ही माझी चूक. तो म्हणाला, "ताई, डबा ठणठणीत आहे, त्याच्या डोक्यात कंपनीने भरलेला प्रोग्रॅम भिकार आहे. त्याला म्हणतात फर्मवेअर. ते काढून टाक, ओपन सोर्सवालं घाल. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलंय, सगळ्यांना खुलं. मग तुझा डबा, तुझी मर्जी! सोप्पं आहे अगदी!"

सोप्पं! मी चष्म्याच्या दुकानात काम करते हो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलते आणि विचारते, "आता दिसतंय? आता?" मी कधी कुणाचं डोकं बदललेलं नाही! पण मागच्या खोलीतून हूं की चूं नाही, ते मला ऐकवेना. म्हटलं, चला.

तर पहिली पायरी, डब्यावरचा मॉडेल नंबर वाचा. नंबर कुठे? डब्याच्या पाठीवर. पाठ कुठे? भिंतीकडे. भिंत कुठे? फ्रिजमागे. नवऱ्याने फ्रिज सरकवला, "हुश्श" म्हणाला, आणि या प्रकरणात त्याचा सहभाग तिथे समाप्त झाला. नंबर वाचला तर खाली मुंगीच्या अक्षरात आवृत्ती. आणि भाऊ फोनवर ओरडतोय, "ताई, आवृत्ती नीट बघ! दुसरीची फाइल घातलीस तर डब्याची वीट होईल!" वीट म्हणजे मेला. कायमचा. आता दिसतंय का? सहा की आठ? दुसऱ्यांना चष्मे देणारी बाई, स्वतः भिंग घेऊन जमिनीवर पालथी! आठ होतं.

फाइल उतरवली, लॅपटॉपवर डब्याच्या सेटिंगच्या पानावर गेले, फाइल दिली, आणि आली बाई ती पट्टी. टक्के मोजणारी. आणि खाली ताकीद, काम चालू असताना वीज बंद करू नका. मी नुसतं मोठ्याने वाचलं, तर सासरे आपणहून उठून आले! स्टूल घेतलं, प्लगपाशी बसले, पाठ ताठ, नजर बटणावर. नवरा चार्जर लावायला आला तर म्हणाले, "मागे हो." अहो, त्याच्याकडे तिकीट मागतील की काय असं वाटलं! मी बघत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या माणसाच्या डोळ्यात जीव दिसला.

पट्टी भरली. डब्याचा दिवा हिरवागार. आणि वाय-फायच्या यादीत डब्याचं नावच नाही! शेजाऱ्यांचं आहे, समोरच्या दवाखान्याचं आहे, आमचं नाही! सासरे म्हणाले, "गेला?" मी म्हटलं, "नाही बाबा…" आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. मेला असं वाटलं हो मला. रडू आलं. कशासाठी? एका उंटासाठी!

इंटरनेटवर या लोकांचा एक अड्डा आहे, तिथे प्रश्न विचारता येतात. मी विचारलं, माझा डबा वारला का? लगेच एकाचं उत्तर. फोटोत चेहरा नाही, नुसती टोपी. टोपीवाला लिहितो, "माहितीचं पान वाचलंत का?" वाचलं हो बाबा! "तिसरा परिच्छेद?" तिसरा परिच्छेद म्हणतो, नवीन फर्मवेअरमध्ये वाय-फाय मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, आधी केबल लावा आणि मग चालू करा. मुद्दाम! ज्या वस्तूचं एकमेव काम वाय-फाय देणं, तिचं वाय-फाय मुद्दाम बंद!

बरं, केबल. लॅपटॉपला केबलचं भोकच नाही. म्हणून माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर काढला, तो सुरू व्हायला इतका वेळ लागला की मधल्या वेळात कणीक मळून झाली. पुढचं पान उघडलं तर नुसते आकडे आणि ठिपके. भाऊ म्हणतो, "सोप्पं आहे, एक हात पुढच्या यंत्राला द्यायचा, एक हात बाबांना." ते मी पंचवीस वर्षं करतेय, त्यात काय! पण एका ठिपक्याच्या जागी भलताच आकडा पडला आणि डब्याने मलाच बाहेर काढलं. माझाच डबा, माझीच मर्जी, आणि मीच दाराबाहेर!

टोपीवाला म्हणतो, "डबा चालू करा, दिवा लुकलुकू लागला की लगेच बाजूचं बारीक बटण दाबा." बारीक म्हणजे केसाच्या पिनेने दाबायचं. मी पिन धरून, सासरे दिव्यावर नजर ठेवून. "आत्ता!" उशीर झाला. "आत्ता!" लवकर झालं. मग ते म्हणाले, "तू माझ्याकडे बघ, दिव्याकडे नको. मी मान हलवली की दाब." त्यांनी मान हलवली, मी दाबलं, आणि दिवा भराभर मिचकायला लागला! आत घेतलं हो डब्याने मला. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून, एकेक ठिपका बोट ठेवून… आणि लागलं! मागच्या खोलीत पूर्ण रेंज!

पण फोन कोण करणार? हे हटून बसलेले. शेवटी मीच काकांना लावला. "काका, बाबा वायर उपटत नव्हते. डबा बिघडला होता. आता दुरुस्त केलाय." काकांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तो… नव्हता करत?" मी म्हटलं, "नाही हो." मागून त्यांची लेक म्हणाली, "अगं वहिनी, त्या दिवसापासून ट्रे हलवू देत नाहीयेत! जेवण मांडीवर चाललंय!" काका खाकरले. "दे त्याला." मी फोन मागे नेला. सासऱ्यांनी चष्मा पुसला, पटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दादा, उंट तुझाच. घे."

झालं ना गोड? इथेच थांबलं असतं तर मी दमले असते का?

पंधरवडाभर लाइन एकदाही तुटली नाही. आणि मागच्या आठवड्यात सासरे दबकत दबकत माझ्याकडे आले. "सूनबाई, एक विचारू? ते आधीचं होतं ना… मधूनमधून तुटायचं… तसं परत करता येतं का?" मी म्हटलं, "बाबा, का?" तर म्हणाले, "पूर्वी तुटलं की दादा चिडायचा गं. परत लागलं की मला शिव्या द्यायला उशीवरून अर्धा उठून बसायचा. आता शह, मात, 'बरं, ठेवतो,' आणि पांघरूण ओढतो. ते मला बघवत नाही."

 मी पुन्हा ते पान उघडलं. कंपनीच्या फर्मवेअरला जमलं नसतं, पण हे ओपन सोर्स, यात ठरल्या वेळी डबा बंद करून चालू करता येतो. अगदी सोप्पं आहे! दुसऱ्याच दिवशी दुपारी भर डावात लाइन तुटली, परत लागली, आणि तिकडून आवाज आला, "लबाडा! दुरुस्त केलाय म्हणे! लबाडा!!" दुकानातून घरी फोन केला होता, मी स्वतः ऐकलं. आणि आमचे तिकीट तपासनीस? उभ्या आयुष्यात पहिल्यांदा खरोखर बिनतिकिटाचे, आणि चेहरा कसा, न्हाल्यासारखा!

फक्त रोज एकाच वेळी तुटलं तर काकांना कळेल, म्हणून वेळ रोज बदलावी लागते. तेव्हा दोन रविवार घालवून, मान मोडून, टोपीवाल्याची बोलणी खाऊन मी काय मिळवलं? तर जो डबा आधी आपला आपण बिघडायचा, तो आता रोज सकाळी कामावर निघताना मी बसून, ठिपके तपासून, अगदी नीट बिघडवून जाते.