गुढियारीच्या पाणपोईतलं न्हाणीघर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष डॉ. चारुदत्त पराडकर, उरल्याच्या कारखान्यांच्या ट्रकांमधून वाट काढत वेळेवर पोचलेले प्रमुख पाहुणे राजसजी, नको नको म्हणत शेवटी खुर्चीच्या टोकावर बसलेल्या आमच्या सत्कारमूर्ती वनमालाबाई, मंडळाचे कार्यकर्ते, गुढियारीच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले शेजारी, आणि ज्यांना मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीतच येतं अशा माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार.

मी इरावती. बँकेतून निवृत्त झाले आणि या मंडळाची सचिव झाले. आज मंडळाचा इतिहास सांगायचं काम माझ्याकडे आलंय. ते का आलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला प्रश्न पडतात आणि पडले की मी विचारते. बँकेत खातं उघडायला आलेल्या माणसाकडून मी त्याच्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत पोचायचे. जित्याची खोड, दुसरं काय?

तर इथे आल्या दिवसापासून मला छळणारा प्रश्न असा. आपलं नाव पाणपोई मंडळ, पण पाणी प्यायला इथे कोणी येत नाही. येतात ते आंघोळीला. स्टेशनमागे, मालधक्क्यावर, पुलाखाली राहणारी माणसं. कोणाला घराने टाकलंय, कोणी घर टाकलंय, कोणाचा मनाचा तोल गेलाय, कोणी नुसतंच म्हातारं झालंय. त्यांना इथे गरम पाणी मिळतं, साबण मिळतो, धुतलेले कपडे मिळतात, केस-नखं कापली जातात, जखमेला पट्टी होते. जेवण, दवाखाना, निवारा, समता कॉलोनीतलं आपलं समुपदेशन केंद्र, हे सगळं त्याच्यानंतर. जगातल्या संस्था अन्नापासून सुरू होतात. आपली न्हाणीघरापासून का?

पुरुषांची बाजू सांभाळणाऱ्या भैय्यालालना विचारलं. ते म्हणाले, "हव दीदी, पहिली तो बस मटकी रिहिस." म्हणजे आधी नुसते माठ होते. माठांचं न्हाणीघर कसं झालं, ते मात्र त्यांना माहीत नव्हतं. मग मी वनमालाबाईंना गाठलं.

त्यांचे यजमान कैलासवासी नरहरीभाऊ रेल्वेच्या मालगोदामात कारकून होते. एका उन्हाळ्यात त्यांनी मालधक्क्याजवळ पाणपोई मांडली. पहिल्याच आठवड्यात एक बाई आली, तिने माठात डाव घातला आणि पाणी पिण्याऐवजी डोक्यावर ओतलं. पुन्हा ओतलं. नरहरीभाऊ धावले, "अवो, प्याचं पाणी आहे ते!" डबा घेऊन आलेल्या वनमालाबाई उलट नवऱ्यावरच ओरडल्या, "काहून ओरडून राहिले तिच्यावर? तिले प्याले नाही, आंगावर पायजे!" आणि त्यांनी तिथेच ताडपत्रीचा आडोसा केला...

काय म्हणता बाई? ताडपत्री नव्हती, तुमचं लुगडं होतं? बरं, दुरुस्ती मान्य.

तर लुगड्याचा आडोसा केला, बाईला पाटावर बसवलं आणि तिचे केस धुतले. नरहरीभाऊ बाहेरून म्हणाले, "लोकं प्याले पाणी मागतीन तं?" आतून उत्तर आलं, "तुम्ही आहे ना, आना!" मंडळी, आपल्या संस्थेची स्थापना ही अशी झाली. नवऱ्याला पाणी भरायला लावून.

पण माझं समाधान एवढ्यावर कुठलं व्हायला? मी न्हाणीघरात जाऊन बसले. तिथे मला एक रीत दिसली. वनमालाबाई कधी समोर बसत नाहीत. पाट टाकतात, बाईला बसवतात आणि स्वतः मागे बसतात. नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. एकच विचारतात, "पाणी पुरे का अजून?" बस्स. मी म्हटलं, बाई, हे असं का? त्या म्हणाल्या, "समोर बसलं का मानूस जबाब द्याले लागते. तिले लोकायनं लई जबाब मागितले."

एक बाई वर्षभर इथे यायची. अक्षर बोलायची नाही. एक दिवस पाठ घासून घेता घेता म्हणाली, "हमर घर म आमा के पेड़ रिहिस." आमच्या घरी आंब्याचं झाड होतं. वनमालाबाई पाणी घालत राहिल्या. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी गावाचं नाव आलं. केंद्रात समुपदेशन करणाऱ्या साक्षीने शोध घेतला, भाऊ सापडला, न्यायला आला. तिनेच त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं! आज ती उरल्याला कामगारांच्या खाणावळीत स्वयंपाक करते. ती भावाबरोबर का गेली नाही? मी विचारलंच. वनमालाबाई म्हणाल्या, "तुले काय करायचं?"

खरंच, मला काय करायचं होतं? पण सांगते, त्या रात्री मला झोप आली नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. वनमालाबाईंचे गुडघे गेलेत, मनगटं दुखतात. रविवारी त्या नीलेशकडे, आपल्या मुलाकडे गोंदियाला कायमच्या निघाल्या आहेत. त्यांच्या जागी कोणी मिळालं नाही, तर एक तारखेपासून महिलांचं न्हाणीघर बंद, असा ठराव कार्यकारिणीने जड मनाने केलाय. जाहिरात दिली. बायका आल्या, वास आला, दुपारपर्यंत गेल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. जटा झालेले केस आणि चिघळलेल्या जखमा धुणं सोपं नाही. पण कोणी म्हणेल, समता कॉलोनीतल्या केंद्रात नेऊ बायकांना. पुलाखालची बाई त्या चकचकीत फरशीवर पाऊल तरी ठेवेल का?

शेवटी मीच म्हटलं, मी करते. साक्षी हसली, "आंटी, आप? आप तो पूछे बिना रह ही नहीं सकतीं!" वनमालाबाई हसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "वासाची सवय होते. तुह्या तोंडाचं काय?"

सोमवारी मी पाटामागे बसले. समोर चाळिशीची एक बाई, हातावर भाजल्याच्या खुणा. शिकेकाई लावली आणि माझ्या तोंडून गेलंच, "कुठल्या गावच्या हो तुम्ही?" ती उठली. केसांत फेस तसाच, ओल्या कपड्यानिशी दारातून निघून गेली. मंगळवारी ती आली नाही. बुधवारी, गुरुवारी नाही. मी मालधक्क्यापर्यंत जाऊन शोधून आले. मंडळी, एवढी भीती मला बँकेच्या तपासणीचीही कधी वाटली नव्हती. वाटलं, आपल्या एका प्रश्नापायी एका बाईचं हक्काचं पाणी तुटलं.

आज सकाळी ती दारात उभी होती. वनमालाबाई पुढे झाल्या नाहीत. भिंतीला टेकून बसून राहिल्या. मी पाट टाकला. ती बसली, मी मागे बसले. भाजल्याच्या खुणा डोळ्यांसमोर होत्या, आणि प्रश्न तर घशापर्यंत आले होते. मी विचारलं, "पाणी पुरे का अजून?"

ती म्हणाली, "अजून."

मग मी घालत राहिले. ती गेल्यावर वनमालाबाईंनी आपली अंग घासायची वजरी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "दोन दिस आहो मी. उद्या लवकर ये."

तेव्हा अध्यक्षमहाराज, एक तारखेचा ठराव कार्यकारिणीने मागे घ्यावा, अशी माझी विनंती आहे. वनमालाबाई, तुम्ही जाताय याचं मला फार वाईट वाटतंय, हे सरळच सांगते. गोंदियाला गुडघ्यांना आराम द्या, आणि सुनेला जरा कमी ओरडा.

आपण सर्वांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात कोणाचा मान राहून गेला असेल, कोणाचं नाव सुटलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. एक नाव तर मला सांगताच येणार नाही. आज सकाळी आलेल्या त्या बाईचं. ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

नमस्कार.