बिल्ला गळ्यात घालून जायाचं

माझं नाव मालन. माहेर आटपाडीच्या बाजूचं, धनगराचं. माझा बा दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला उतरायचा, आन त्येच्या माघनं आई, आमी पोरं, घोड्यावर बिऱ्हाड, टोपलीत कोंबड्या, आज ह्या गावाच्या रानात तर परवा पुढच्या. शाळा चौथीपतूर कशीबशी, ती बी आज्ज्यानं गावात ठिवून घेतलं म्हनून. पन माणूस वळखायचं मी त्या वाटंवर शिकले बगा. लेंडीखतासाठी रानात मेंढरं बसवायला बागायतदार बोलवायचं, आन जेवायच्या वक्ताला कुनी पडवीत पान मांडायचं, कुनी गोठ्याच्या कडंला ढकलायचं. आई तेवढ्यावरनं बाला सांगायची, हितं पुन्यांदा यायाचं न्हाई. बा म्हनायचा, अगं चारा लय हाय हितं. आई म्हनायची, असू दे चारा.

लगीन होऊन पलूसच्या बाजूला आले. आमचं हे टेम्पो चालवत्यात, द्राक्षाचा सीजन लागला की हप्ता हप्ता तोंड दिसत न्हाई. पोरगी झाली, ती आता सांगलीत नर्सिंगला हाय. आन मी कंपनीत. आमच्याकडं कंपनीचं नाव कुनी घेत न्हाई, नुसतं कंपनी म्हनत्यात. पान्याच्या मोटरी बनत्यात तितं. मोटरीच्या आत तांब्याची तार भरायची, ते काम आमा बायांचं, वायंडिंग म्हनत्यात त्येला. बारीक तार, खाचंत बसवायची, कातडं निघतं बोटाचं, मंग सवय हुती.

आदी म्हातारं मालक हुतं. त्येंचं तोंड लय वंगाळ, चुकलं की आईबा काडायचं, खोटं कशाला सांगू, देव न्हवता त्यो. पन शिव्या समोर दिऊन मोकळा व्हायचा. मंग त्येच्या पोरानं कारभार घेतला आन कंपनी चालवायला पुन्यासनं नवं साहेब आनलं. साहेब म्हनायचं न्हाई, सर म्हना, आसं त्येंनीच पयल्या दिवशी सांगितलं. काय सांगू तुमाला ताई, आसा गोड मानूस मी जल्मात बगितला न्हवता. आवाज चढवायचा न्हाई, हात जोडायचा, आपण सगळे एक परिवार आहोत म्हनायचा. भितीवर पाटी लावली, हसऱ्या बायांचं फोटू, त्या बाया आमच्यातल्या न्हवत्याच, कुठनं आनल्या फोटूतनं कुनास ठावं. म्हैना सरला की ज्येंचं ज्येंचं वाढदीस झालं त्येंचा एक केक. त्यो केक खाताना आमाला बरं बी वाटायचं, का न्हाई वाटनार.

आन त्याच परिवारात बिल्ला आला.

म्हंजी आसं, बाया आत जाऊन लय येळ काढत्यात, लाइन थांबती, आसं कुनीतरी सरांच्या डोक्यात घातलं, न्हाईतर त्येंच्याच डोक्यात आलं. मंग एवढ्या बायांच्या लाइनीला एक बिल्ला केला. प्लॅश्टिकचा, तांबड्या नाडीचा. सुपरवायझरच्या टेबलाला टांगल्याला. संडासाला जायाचं तर त्यो मागून घ्यायाचा, गळ्यात घालायचा, जायाचं, यिऊन परत टांगायचा. एकीच्या गळ्यात असला की दुसरीनं दम धरायचा. बायांनी त्येचं नाव लोढनं पाडलं. वढाळ गुराच्या गळ्यात लाकूड बांधत्यात न्हाई का, तसं. पयल्यांदा हसलो आमी. मंग हसू गेलं. सगळ्या पुरुष मानसांच्या देखत, पाक ह्या टोकापासनं त्या टोकापतूर, गळ्यात तांबडी नाडी घालून चालायचं, म्हंजी सगळ्यांस्नी ठावं की ही कुठं निगालीया. पाळी आल्याल्या पोरीला त्यो रस्ता कसा वाटत असंल, तुमी बाईमानूस हाय, तुमाला वेगळं काय सांगू.

मंग बायांनी पानीच सोडलं. घरनं भरल्याली बाटली तशीच माघारी न्यायाच्या. उन्हाळ्यात मशिनीपशी बसायचं आन घोट घ्यायाचा न्हाई. जळजळ व्हायाची, ताप यायाचा. डाक्टर म्हनायचा, पानी पीत न्हाईसा व्हय? काय सांगायचं त्येला.

आमचा सुपरवायझर दीपक. आमच्याच गावचा, त्येची आई आन मी एकाच भिशीत. मला काकी म्हनतो. मी त्येला म्हनलं, दीपक, ही काय रीत झाली रं? तर मान खाली घालून म्हनला, काकी, माझ्या हातात न्हाई. त्येला बी लाज वाटत हुती, पन बिल्ला त्येच्याच टेबलाला हुता.

माझ्या शेजारच्या मशिनीवर शोभा बसायची. कंत्राटावरची पोर, हाताला लय साफ, बोलायला कमी. एक दिवस कानात म्हनली, मावशी, मला दिवस गेल्यात, कुनाला बोलू नका. कंत्राटवाल्या बाईला दिवस गेलं की घरी बसिवत्यात, हे सगळ्यांस्नी म्हाईत. म्हनून ती एप्रन ढिला बांधायची. आन आसल्या बाईला किती येळा जावं लागतं, जिनं लेकरू पोटात वागवलं तिलाच कळायचं. बिल्ल्याकडं डोळं लावून बसायची बिचारी.

त्या दिवशी परदेशी पावनं यायाचं हुतं, माल घेनारं. सकाळपासनं फरशी पुस, झाडांस्नी पानी घाल. दुपारी शोभा उठली, दीपककडं गेली, तशीच माघारी आली. म्हनली, पावनं जाईपतूर कुनी जागा सोडायची न्हाई म्हनं, सरांचा निरोप हाय. मी दीपककडं बगितलं, त्यानं दुसरीकडं बगितलं. शोभाच्या कपाळावर घाम, व्हट दाबून धरल्याला. मी म्हनलं, तू जा गं, मी बगते काय हुतंय. ती म्हनली, नको मावशी, माझं काम जाईल.

आन पावनं आलं. नेमकं आमच्याच माघं यिऊन हुबं ऱ्हायलं. सर त्येंस्नी इंग्रजीत समजावून सांगत हुतं, आमच्या हाताकडं बोट करत हुतं. आन शोभाला धरवलं न्हाई. स्टुलाखाली पानी आलं. ताई, तिचं हात थांबलं न्हाईत वो. डोळ्यातनं धारा, आन हात तार भरत्यातच, भरत्यातच. सरांनी बगितलं. मी त्येंच्या तोंडाकडंच बगत हुते, वाटलं आता ह्यो मानूस काय तरी करील, पावन्यांस्नी बाजूला तरी न्हील. तर हसलं, पावन्यांस्नी काय तरी सांगितलं, आन दीपकला बोटानं खुनावलं, पुसून घे. दीपकनं माघनं मला सांगितलं, काकी, कूलर गळतोय म्हनलं सर.

कूलर. जित्या बाईला कूलर केला त्यानं.

मी उठले. माझा एप्रन सोडला, तिच्या कमरंला गुंडाळला, दंड धरला आन त्या पावन्यांच्या मधनं तिला घिऊन गेले. बिल्ला न्हाई, इचारनं न्हाई. एक गोरी बाई हुती त्यात, ती चटशिरी बाजूला झाली, तिला कळलं असंल. आत गेल्यावर शोभा भितीला टेकून म्हनली, मावशी, आता मी तोंड कसं दावू? मी म्हनलं, तोंड त्यानं लपवायचं, तू न्हाई. पन म्हनून काय हुतंय.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या मॅडमनं बोलावलं. काकी, तुम्ही सीनियर आहात, पाहुण्यांसमोर असं उठायचं नसतं, कंपनीचं इम्प्रेशन जातं. आन शोभाला काही त्रास असेल तर तिनं आधी सांगायला नको का? मी वाट बगत हुते, आता इचारंल, मंग इचारंल, शोभा कशी हाय. न्हाईच इचारलं.

आता ह्याच्यापुढचं ऐका, म्हंजी किळस कशाला म्हनत्यात ते कळंल. थोड्या दिसानं मुंबईची मानसं यायाची हुती. कंपनीत कामगार सुखी हायती का, साहेब लोक कसं हायती, ह्ये कामगारांस्नी इचारून बक्षीस देनारी. मॅडमनं मानसं निवडली, त्यात मी, जुनी म्हनून. आन एक बोलनारी बाई पायजे म्हनून. मॅडमनं घोकून घेतलं आमच्याकडनं. सर कसे आहेत विचारलं तर सांगा, वडिलांसारखे आहेत. मी म्हनलं, मॅडम, सर माझ्यापेक्षा ल्हान हायती, वडील कसं म्हनू? सगळी हसली. मॅडम न्हाई हसली.

एसीच्या खोलीत बसवलं. समोर मुंबईची दोगं, एक बाप्या, एक बाई, लॅपटॉप उगडून. सर बी कोपऱ्यात खुर्ची टाकून. माझी बारी आल्यावर मी हुबी ऱ्हायले, त्या बाईनं इचारलं, तुमच्या लीडर्सबद्दल तुम्हाला काय वाटतं? मी घरनं काय ठरवून गेले न्हवते. पन कोपऱ्यातल्या त्या लीडरकडं बगितलं आन तोंडातनं निघालंच. बिल्ल्याचं सांगितलं. पानी सोडल्याचं सांगितलं. नाव न घेता शोभाचं सांगितलं, आन कूलरचं सांगितलं. त्या बाईची बोटं थांबली.

आन सर उठलं. माझ्याजवळ आलं, हात जोडलं. थँक यू मालनताई, म्हनलं. आन त्येंच्याकडं वळून म्हनलं, बघितलंत? आमची एक साधी कामगार भगिनी प्लँट हेडसमोर इतकं मोकळेपणानं बोलू शकते. हेच आमचं कल्चर आहे.

त्येंनी टाळ्या वाजवल्या. ताई, टाळ्या! माझ्या शेजारच्या पोरीची अब्रू गेली त्यावर टाळ्या वाजल्या, आन मी मधी हुबी. त्यानं शिवी दिली असती तर मी उलटून दिली असती. हात जोडनाऱ्याला काय करशीला?

कंपनीला बक्षीस मिळालं. पेढं वाटलं. भितीवर माझा फोटू लावला, खाली लिवलं, निर्भय आवाज. आन त्याच हप्त्यात शोभाला गेटवर दीपकनं सांगितलं, तुझं कंत्राट सपलं. पेढा बी दिला म्हनं तिला जाताना.

त्या रातीला मी जेवले न्हाई. आमचं हे म्हनलं, सोड कंपनी. मी म्हनलं, सोडून काय, बिल्ला तितंच ऱ्हानार की.

सकाळी कामावर गेले. अर्धी सकाळ झाली, उठले, आन बिल्ल्याकडं न बगता नीट चालत गेले. कुनाला चला म्हनले न्हवते. आत जाऊन माघारी वळले तर दारात आमची पाक लाइन हुबी. म्हाताऱ्या, तरन्या, कंत्राटवाल्या बी. मशिनी बंद, असली शांतता त्या शेडमदी मी कवा ऐकली न्हवती. दीपक पळत आला. काकी, काय मांडलंय ह्ये, मला घालवत्याल. मी म्हनलं, दीपक, तुझी बायको पोटुशी हाय का न्हाई? तिच्या गळ्यात घालशील का त्ये? घालत असलास तर मी आत्ता जाऊन बसते. दीपक टेबलाकडं गेला, बिल्ला काडला आन ड्रावरमदी टाकला. सर आलं, इचारलं, हे कुणी सुरू केलं? कोन सांगतंय. माझ्याकडं बगितलं त्येंनी, पन माझा तर फोटू लावल्याला भितीवर, हाकलायचं कसं. गोड हसलं आन गेलं.

मला वाटलं जितलो. म्हैन्यानं संडासाच्या दारावर मशीन बसवली, अंगठा लावला की दार उगडनार. म्हंजी कोन गेलं, कवा गेलं, सगळं वर ऑफिसात. पन तारंनं आमचं अंगठं पाक घासल्यालं, त्या मशिनीला वळखूच यिनात. नुसती टीं टीं वरडती. मंग बायांनी दाराला वीट लावून ठिवलीया. ऑफिसातली यिऊन वीट काडत्यात, आमी दुसरी लावतो. आसं चाललंया सध्या.

सर आता मोठ्या हुद्द्यावर पुन्याला गेलं. निरोपाला केक कापला. मला दोन शबुद बोला म्हनलं. मी म्हनलं, माझा घसा बसलाय.

शोभाला पोरगी झाली. बारशाला गेलते परवा. तिची सासू म्हनली, मालनबाई, हिला परत चिकटवा की कंपनीत, तुमचं ऐकत्यात म्हनं. शोभा पोरीला दूध पाजत हुती, तितनंच म्हनली, आत्या, मी द्राक्षाच्या विरळनीला जाईन, उन्हात मरंन, पन तितं पाय ठिवायची न्हाई. मी पोरीला मांडीवर घेतलं. नाक आईचं, रंग बापाचा. म्हनलं, बाई, शंभर वर्सं जग, आन जितं तुला मानूस म्हनत्याल तितंच कामाला जा. ती झोपली हुती, तिला काय कळतंय.

मला लोक म्हनत्यात, एवढी शिसारी आलीया तर जातीस कशाला? पोरीचं नर्सिंग हुईपतूर जायाचं. ती एकदा पायावर हुबी ऱ्हायली की माझी मी मोकळी. तवर हाय ते हाय. उद्या सकाळची शिफ्ट हाय माझी, बस लवकर येती. तुमी बसा, च्या घ्या, मी तेवढं पीठ मळून घेते.