दोन आठवडे, तोच घेर

झाला नाहीये तुमचा ड्रेस, अर्धाच झालाय, आणि तोंड पाडू नका बाई—अंगावर चढवलाच आहे तर हात वर करा, टाचण्या लावते. उशीर का म्हणताय? माझी सून! तिला ब्लडप्रेशर, म्हणून डॉक्टरीणबाई दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफीला बोलवायच्या. मी म्हटलं, अगं, सारखं सारखं काय बघायचंय आत? मी तीन बाळंतपणं मशीनशिवाय काढली. तीन पोरं—म्हणजे दोन. पहिली पोटातच गेली. बारीकच होती म्हणे. कुणी मापलंच नव्हतं ना... श्वास सोडा हो, पोट आत ओढू नका, मला खोटं माप नको.

तर सुनेनं एक तारीख चुकवली. चुकवली कसली—मीच चुकवायला लावली! तिच्या गाऊनला मी शिवणीत दोन्हीकडे चार-चार बोटं माया, म्हणजे जादा कापड, ठेवलेली, वाढत्या पोटासाठी. दोन आठवड्यांनी सैल करायला घेतला, तर उसवायची गरजच नाही. टेप लावली—तोच घेर. पुन्हा लावली—तोच. दुकान सताड उघडं टाकून तिला गाडीत कोंबली.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बाळाचं डोकं मापलं, मांडीचं हाड मापलं. ते ठीक, पण बाळाचं पोट मागच्या वेळी होतं जवळजवळ तेवढंच! नाळेतून रक्त कमी पोचतंय म्हणाल्या, आत उपासमार होतेय. मी म्हटलं, बाहेर काढा मग, मी भरवते! हसल्या हो त्या. फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं दिली, रोज मशीन लावून बघितलं आणि नवव्या दिवशी काढलं. नात! बाराशे ग्रॅम. अशी चिडून रडली, की नर्सबाई म्हणाल्या, आजीवर गेलीय.

आता काचेच्या पेटीत आहे. आधी शिवलेली सहा झबली तिला तंबूसारखी होतात, म्हणून वितीएवढी नवी शिवली. मऊ कापड हवं होतं, आणि तुमच्या अस्तराइतकं मऊ दुसरं... अहो, अशा काय बघताय? देते भरून!

सून एकदाही म्हणाली नाही बघा, की आई, तुमच्यामुळे. एकदाही नाही. म्हणाली असती तर बरं—

थांबा, फोन. सूनच आहे. बोल गं. हं... आज? पेटीबाहेर? माझ्या छातीशी—मी? तू घेतलीस ना आधी? बरं... छे, रडत कुठेय मी, टाचणी टोचली.

काढा बाई तो ड्रेस. नाही—राहू द्या, तशाच जा! निघा हो, दुकान बंद!